बांबूच्या नळीतलं जमादाराचं पत्र

मुलांनो,

गेल्या आठवड्यात तुमच्यातल्या मोठीचा फोन आला. पुढच्या शिक्षणाच्या अर्जाला तीन शिफारसपत्रं जोडायची आहेत आणि ती प्राध्यापकांकडे मागायला तिला संकोच वाटतो. आपलं कौतुक आपणच कुणाकडून तरी लिहून आणायचं, हे तिला बरं दिसत नाही. मी तिला म्हटलं, आपल्या घरातही असंच एक शिफारसपत्र आहे, अठराव्या शतकातलं, आणि ते एका लष्करी अधिकाऱ्यासाठी लिहिलेलं आहे. ती म्हणाली, "अज्जी, मग आम्हाला कधी सांगितलं नाहीस ते?" सांगितलं नाही, कारण दीड वर्षापूर्वीपर्यंत ते मलाच माहीत नव्हतं.

आत्ताच लिहायला बसले त्याला आणखी एक कारण आहे. ही हकीकत तुमचे धाकटे अज्जा, म्हणजे माझे भावजी, येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगतात आणि त्यांच्या तोंडी ती दर महिन्याला थोडी वाढते. परवा पत्रातल्या वीस माणसांची दोनशे झाली आणि एक घोडाही आला. पत्रात घोडा नाही. म्हणून जे घडलं ते घडलं तसं, मला नीट आठवतंय तोवर लिहून ठेवते. मराठी वाचायला तुम्हाला वेळ लागतो, तेव्हा वाक्यं सोपी ठेवण्याचा प्रयत्न करते.

भावजी तुमच्या अज्जांचे चुलतभाऊ. आमची घरं एकाच वाडीत, जोयडा तालुक्यात, अणशीच्या अलीकडे. माझं घर रस्त्याच्या बाजूला आहे आणि ते महसुली जमिनीत येतं. भावजींचं घर ओढा ओलांडून पलीकडे आहे. त्याच्या मागे उतारावर त्यांची तीन खाचरं आहेत, एकाखाली एक, दगडी बांध घातलेली. तिथला भात तुम्ही खाल्ला आहे. पण कागदावर ते घर आणि ती खाचरं जंगलात येतात. भावजींचे वडील तिथेच जन्मले आणि तिथेच गेले, त्यांचेही वडील तिथलेच, हे वाडीतलं कुणीही सांगेल. सांगणं वेगळं आणि कागद वेगळा. वनहक्काचा दावा करायचा तर आपण इथे पिढ्यान्‌पिढ्या राहतो आहोत हे दाखवावं लागतं. भावजींचा पहिला दावा परत आला. कुणी वाईट वागलं नाही. पुरावा अपुरा आहे, अधिक पुराव्यासह पुन्हा द्या, एवढंच त्यावर लिहिलेलं होतं.

जुने कागद आमच्याकडे नव्हते. पूर्वी घराण्यातले लिहिणं-वाचणं जाणणारे एक आप्त जुन्या सुप्यात राहत, आणि सगळ्या घरांच्या कागदांची पेटी त्यांच्याकडे असे. धरणाचं पाणी चढायच्या आधी तो गाव उठला. त्या हलवाहलवीत पेटी कुठे गेली ते कुणालाच कळलं नाही. राहिली फक्त नळी, कारण नळी देवाची होती आणि देव घरातच होते.

ती नळी तुम्ही पाहिली आहे. हाताएवढ्या लांबीची बांबूची नळी, दोन्ही तोंडांना लाकडी बुचं, भावजींच्या देवघरात कोयत्यांच्या शेजारी आडवी ठेवलेली. खंडेनवमीला कोयते, कुऱ्हाडी, नांगराचा फाळ मांडून त्यांची पूजा होते, तेव्हा नळीचीही होते. तिला खोबरेल तेल चोळायचं, हळदकुंकू लावायचं, झेंडूचं फूल वाहायचं. घरातलं कुणी सैन्यात भरतीला निघालं की त्याने नळीला हात लावून निघायचं. आत काय आहे, तर किल्ल्याची सनद. आमचा मूळ पुरुष किल्लेदार होता आणि सरकाराने त्याला ही जमीन लिहून दिली, असं मी लग्न होऊन या घरात आले त्या दिवशी मला माझ्या चुलत सासूबाईंनी सांगितलं. मग पाहिली का कुणी ती, असं मी विचारलं. मी शिकलेली सून होते आणि असले प्रश्न विचारत असे. त्या म्हणाल्या, देवाची मूर्ती कुणी फोडून बघतं का?

दावा परत आला तेव्हा मी भावजींना म्हटलं, आता नळी उघडू या. शाळेत इतकी वर्षं इंग्रजी शिकवल्यामुळे कागदावर माझा फार विश्वास. भावजी लगेच हो म्हणतील असं मला वाटलं होतं. ते म्हणाले, देवाला कौल लावू. आपल्याकडे कौल कसा लावतात ते तुम्हाला आठवत असेल. देवाच्या उजव्या-डाव्या अंगाला ओल्या पाकळ्या चिकटवायच्या आणि कुठली आधी पडते ते पाहायचं. डावी पडली, म्हणजे नको. पंधरा दिवसांनी पुन्हा लावला, पुन्हा डावी. माझी जाऊ, म्हणजे भावजींची बायको, चुलीपाशी बसून हे सगळं बघत होती.

"देवालाबी मोडी येत न्हाई अक्का," ती मला म्हणाली, "म्हणून भितंय."

दावा पुन्हा द्यायचा दिवस जवळ येत होता. अर्ज कन्नडमध्ये होता. त्याला जोडायचं निवेदन मी इंग्रजीत लिहिलं, टाइप करून घेतलं, चारही बाजूंनी सारखा समास सोडून. त्यात मी लिहिलं की या कुटुंबाकडे अठराव्या शतकातली जमिनीची सनद असून ती सुनावणीच्या वेळी सादर करण्यात येईल. पाहिलेलं नसताना लिहिलं. आयुष्यभर मुलींना शिकवलं की वाचल्याशिवाय उत्तर लिहू नका, आणि स्वतः मात्र सासूबाईंच्या शब्दावर सही करायला भावजींच्या पुढे कागद ठेवला. ती चूक माझी होती, हे इथे स्पष्ट लिहून ठेवते, कारण भावजी सांगताना हा भाग गाळतात.

अर्ज गेल्यावर तिसऱ्यांदा कौल लावला आणि उजवी पाकळी पडली. भावजींनी नळी धुतल्या धोतरात गुंडाळली आणि ते, जाऊबाई आणि मी असे तिघं सकाळच्या बसने रामनगरला गेलो.

रामनगरच्या बाजारात माझी एक जुनी विद्यार्थिनी झेरॉक्सचं दुकान चालवते. तिचं माहेर खानापूरकडचं. तिच्या वडिलांच्या जमिनीचा वाद जुन्या कागदांवर अडला होता, तेव्हा ती हट्टाने मोडी शिकली. आता आजूबाजूच्या गावांतले लोक तिच्याकडे कागद वाचून घ्यायला येतात. शाळेत ती इंग्रजीत कधी धड पास झाली नव्हती. मला बघून तिने आधी तीच आठवण काढली. म्हणाली, "टीचर, तुमच्या तासाला मी मागच्या बाकावर हाताखाली डोकं घालून बसायची. आज तुम्ही माझ्यासमोर बसा."

बूच निघायला बराच वेळ लागला. इतक्या वर्षांच्या तेलाने ते नळीशी एकजीव झालं होतं. आतून एक गुंडाळी निघाली, मनगटाएवढीही जाड नाही. मला वाटलं होतं कागद हाताला लागताच चुरा होईल. ती म्हणाली की कोरड्या मुलखात आधी त्याला दमट हवेत ठेवावं लागतं, आपल्या जोयड्याच्या कागदाला त्याची गरज नाही. तरी तिने घाई केली नाही. काचेच्या दोन तुकड्यांमध्ये बोटभर बोटभर उलगडत तिने तो सपाट केला. लांब, अरुंद हातकागद. त्यावर सोळा ओळी आणि शेवटी, कडेला, एक छोटा गोल शिक्का होता. आणि खालच्या बाजूला, जो भाग गुंडाळीत सगळ्यात बाहेर होता तिथे, खोबरेल तेल मुरून कागद मेणकापडासारखा झाला होता. पिढ्यान्‌पिढ्या आपण नळी जपतो म्हणून जे चोळत होतो ते बांबूच्या चिरेतून आत उतरत होतं. शेवटच्या ओळींवर पाठीमागचा डाग चढला होता, आणि अक्षरं कुठे संपतात आणि डाग कुठे सुरू होतो ते दिसत नव्हतं.

वरचा भाग तिने तिथेच वाचला. आधी मनाशी, मग बोट न टेकवता, ओळीवरून पेन्सिल हवेत फिरवत. मग तिने मान वर केली आणि भावजींकडे न बघता माझ्याकडे बघितलं. त्यावरूनच मला कळलं.

ती सनद नव्हती. बेळगावाकडच्या एका सरदाराने घाटाखालच्या एका किल्ल्याच्या अधिकाऱ्याला लिहिलेलं ते पत्र होतं. पत्र घेऊन येणारा माणूस जमादार आहे, त्याला आपल्याकडे कामावर घ्यावं, अशी विनंती. जमादार म्हणजे त्या काळी शिपायांच्या लहान तुकडीचा अधिकारी. त्याच्याविषयी लिहिलं होतं ते असं: त्याच्या बापालाही लिहिणारा ओळखत होता. वीस माणसं त्याच्या हाताखाली आहेत. दोन पावसाळे त्याने घाटाची वाट राखली. डाव्या खांद्यावर तलवारीचा वार आहे. कानडी बोलतो, कोकणी बोलतो, रानातल्या वाटा त्याला माहीत आहेत. ठेवून पाहावं आणि योग्य वाटेल ते काम सांगावं.

एवढंच. जमीन दिल्याचा शब्द नाही, किल्लेदारीचा शब्द नाही.

मोठीने हे जरा लक्ष देऊन वाचावं. मी शाळेत असताना भरतीला निघालेल्या किती मुलांना वर्तणुकीचे दाखले लिहून दिले. सगळे सारखेच. प्रामाणिक, कष्टाळू, आज्ञाधारक. नाव तेवढं बदलायचं. या पत्रात असं एकही विशेषण नव्हतं. बाप कोण, माणसं किती, जखम कुठे, भाषा कोणत्या, एवढंच होतं. वाचून तो माणूस मला समोर उभा दिसला, डावा खांदा किंचित खाली. तुझ्याविषयी लिहिणाऱ्याला तू काय केलंस ते नीट सांग. मागण्यात कमीपणा नाही. त्या जमादारानेही ते मागूनच घेतलं असणार.

माझ्या विद्यार्थिनीने मग काच अलगद उलटी केली. पत्र पोचलं की ज्याला पोचलं त्याचा कारकून पाठीवर ते मिळाल्याची तारीख टाकतो, त्याला पैवस्ती म्हणत, असं तिने आम्हाला सांगितलं. या पत्राची पाठ कोरी होती. तेलाच्या डागाशिवाय तिथे काही नव्हतं. आणि तसंही, ती म्हणाली, शिफारसपत्र ज्याला द्यायचं त्याच्याच दप्तरात राहतं, आणणाऱ्याच्या घरी परत येत नाही. तुमच्या घरात ते आहे, याचा अर्थ ते दिलंच गेलं नाही.

भावजींनी उलटी काच स्वतःकडे ओढून पाहिली. मग म्हणाले, "म्हंजे पळून आला?"

तसं म्हणता येत नाही, ती म्हणाली. किल्लाच पडला असेल. ज्याला पत्र होतं तो मेला असेल, बदलून गेला असेल. हा आजारी पडला असेल. कागद काही सांगत नाही.

जाऊबाई बाकावर पिशवी मांडीवर घेऊन बसली होती. "भात कापायला आलं असंल," ती म्हणाली. "बायकूनं सांगावा धाडला असंल, या म्हणून."

"गप गं तू."

"मी कशाला गप? तुमी तीनदा गेला भरतीला, तीनदा छाती कमी भरली म्हणून परत आला. तवा म्या कुनाला काय बोलले?"

दुकानात एक गिऱ्हाईक आधारकार्डाची झेरॉक्स काढायला थांबलं होतं, ते हसलं. भावजी हसले नाहीत. मला त्यांचं वाईट वाटलं. आयुष्यभर वाडीत किल्लेदाराचा वंशज म्हणून त्यांचा शब्द पुढे असे आणि आता किल्लेदार गेला, जमादार आला, तोही वाटेतून परत फिरलेला. आणि सगळ्यात मोठी गोष्ट, घरासाठी जो पुरावा मी आधीच लिहून मोकळी झाले होते तो हातात नव्हता.

तेलकट भाग वाचून पाहायला पत्र तिच्याकडेच ठेवलं, आणि परतीच्या बसमध्ये भावजी माझ्या पुढच्या सीटवर बसले होते. जगलबेट मागे गेल्यावर त्यांनी मान वळवली.

"वैनी, तितं मोडी येतंय कुनाला? तुमी सनद लिवलंय, ते तसंच ऱ्हाऊ दे. कागद जुना हाय, शिक्का हाय. बघतील आणि मान हलवतील."

मी म्हटलं, नाही. चुकीचं मी लिहिलं आहे, दुरुस्तही मीच करणार.

"मग माझं घर?"

  पण खोटं आहे हे माहीत झाल्यावर ते समितीपुढे ठेवायचं आणि त्यावर त्यांचं घर उभं करायचं, हे मला जमणार नव्हतं. शिवाय एखाद्या दिवशी कुणीतरी मोडी वाचणारा येणारच, आणि मग खरं असेल त्यावरही कुणी विश्वास ठेवणार नाही. हे मी त्यांना घरी आल्यावर सांगितलं. ते थेट खाचराकडे गेले. पुढचे आठ दिवस आमच्या दोन्ही घरांत फक्त जाऊबाईच ये-जा करत होती. ओढ्यावरचा साकव ओलांडून ती यायची, तिकडची खबर इकडे द्यायची आणि इकडचं तिकडे न्यायची. "आज ह्येंनी दोन भाकऱ्या खाल्ल्या," असं एक दिवस तिने सांगितलं, म्हणजे राग उतरतो आहे.

नवव्या दिवशी झेरॉक्सवालीचा फोन आला. रस्त्याच्या वळणावर जिथे रेंज येते तिथे मी रोज संध्याकाळी जाऊन उभी राहत असे, म्हणून तो मला मिळाला. तेलकट भागाचं तिने काय केलं होतं ते ऐका. काचेखाली तिने दुकानातला दिवा लावला आणि खोलीतले बाकीचे दिवे घालवले. तेल मुरलेला कागद आरपार दिसतो. शाई काजळाची, ती तेलात विरघळत नाही. कागद उजळला आणि त्यात अक्षरं काळी राहिली. शेवटच्या तीन ओळींवर तेल जुनं होऊन काळं पडलं होतं, त्या गेल्याच, आणि सालाचा आकडाही त्यांत होता; काळ अक्षराच्या वळणावरून ठरवावा लागला. पण त्यांच्या वरच्या दोन ओळी तिला लागल्या होत्या.

त्यांत लिहिलं होतं की हा जमादार तर्फ सुप्यातल्या, म्हणजे सुप्याच्या परगण्यातल्या, आपल्या वाडीचा राहणारा आहे. वाडीचं नाव होतं, आज आपण म्हणतो तेच. तिथे ओढ्यापलीकडे त्याचं घर आहे, बांध घातलेली भाताची खाचरं आहेत आणि भाऊ व कुटुंब ते राखून आहेत.

मला आधी कळेना की नोकरीच्या पत्रात खाचरं कशाला. तिने समजावलं. अनोळखी माणसाच्या हाती वीस शिपाई आणि किल्ल्याचा दरवाजा द्यायचा, तर त्याच्यासाठी कुणीतरी जामीन लागतो. उद्या तो हत्यारं घेऊन पळाला तर शोधायचं कुठे, धरायचं कुणाला? म्हणून शिफारस करणारा नुसतं चांगला आहे असं लिहून थांबत नाही. त्याचं घर कुठे, शेत कोणतं, मागे कोण आहे, हे सांगतो. घर असलेला माणूस परत येतो, असा त्यांचा हिशेब. "टीचर," ती म्हणाली, "सनदेत एवढं नसतं सापडलं."

मी वळणावरून भावजींच्या घरापर्यंत चालत गेले ते कसं गेले आठवत नाही. साकवावर पाय टेकताना मी नेहमी काठी आधी टेकते, त्या दिवशी काठी वर उचलूनच गेले असं जाऊबाई म्हणते. भावजींनी सगळं ऐकून घेतलं. मग दोनदा विचारलं, ओढ्यापलीकडे असंच हाय? असंच हाय. थोड्या वेळाने म्हणाले, "तुमी लिवा वैनी. आनि सनद खोडा."

सुनावणी गावच्या शाळेच्या व्हरांड्यात झाली. गावची समिती होती आणि तालुक्याहून एक अधिकारी आले होते, तरुण, कन्नड बोलणारे, हातात भावजींची फाइल. मी दुरुस्तीचं निवेदन आधीच पाठवलं होतं. माझ्या विद्यार्थिनीने देवनागरीत उतरवलेलं पत्र, त्याचा कन्नड सारांश आणि दोन काचांमध्ये मूळ पत्र, हे सगळं तिने स्वतः आणून टेबलावर मांडलं. मी उठून बोलणार होते. माझी चूक मीच सांगायची असं ठरलं होतं. पण अधिकाऱ्यांनी फाइल उघडून थेट भावजींना विचारलं, आधी सनद लिहिलं होतं, आता पत्र म्हणता, यातलं खरं काय?

भावजी उभे राहिले. त्यांनी डोक्यावरची टोपी काढली, पुन्हा घातली.

"सनद न्हाई ती सायब. चुकून लिवलं. आमचा मानूस चाकरी मागाय निघालेला, त्येची वळख हाय ती."

"मग मिळाली का चाकरी?"

"न्हाई बहुतेक. पत्र दिलंच न्हाई त्येनं. का दिलं न्हाई, ते आमास्नी ठाव न्हाई." त्यांनी ओढ्याच्या दिशेने हात केला. "पन निघाला तवा घर हितंच हुतं, आनि परत आला त्ये बी हितंच."

 समितीतल्या एका म्हाताऱ्याने मान हलवली. अधिकाऱ्यांनी काच जवळ ओढून घेतली आणि वाकून पाहिलं. मोडी त्यांना येत नव्हती, पण शेवटी, डागाच्या कडेला वाचलेला मोर्तबाचा छोटा गोल शिक्का त्यांनी बराच वेळ पाहिला. त्यांनी विचारलं की हा मजकूर दुसऱ्या जाणकाराकडून तपासून घ्यायला हरकत आहे का. भावजी म्हणाले, दहा जणांकडून घ्या. बसमध्ये मला जे म्हणाले होते ते त्यांना आठवलं असावं, कारण माझ्याकडे बघून ते पहिल्यांदा हसले.

खासगी पत्र एकट्याने पुरेसं होत नाही, हे अधिकाऱ्यांनी आम्हाला नीट समजावून सांगितलं. पण त्यात ज्या गोष्टी लिहिल्या आहेत त्या आज जागेवर आहेत का, हे पाहता येतं. म्हणून दुपारी सगळे ओढ्यापलीकडे गेले. बांधाचे सगळ्यात खालचे दगड कसे बसवले आहेत, घरामागच्या जुन्या फणसाचा बुंधा केवढा आहे, जुन्या घराचं जोतं कुठे आहे, हे मोजून लिहून घेतलं. वाडीतल्या तीन वृद्धांचे जबाब घेतले. जाऊबाईने सगळ्यांना कोकमाचं सरबत दिलं आणि अधिकाऱ्यांना विचारलं की गवे खाचरात शिरतात त्याचा एखादा दावा असतो का. ते खूप हसले. असतो, पण त्याचा अर्ज वेगळा, असं म्हणाले.

ग्रामसभेने त्या महिन्यात दाव्याची शिफारस करणारा ठराव केला. दुसऱ्या जाणकाराचं वाचन आलं, एका शब्दाचा फरक सोडला तर तेच. या पावसाळ्यात कळलं की वरच्या समितीनेही दावा मान्य करून पुढे पाठवला आहे. हक्काचा अखेरचा कागद अजून हाती आलेला नाही. येईल असं मला वाटतं, आणि असं वाटण्याला मला आता आधार आहे. पहिल्या वेळी फाइल तीन महिन्यांत परत आली होती. या वेळी ती एकदाही मागे फिरलेली नाही.

वाडीत भावजींचा शब्द पूर्वीइतकाच पुढे आहे. किल्लेदार गेला म्हणून कुणी त्यांना कमी लेखलं नाही, एक-दोघांनी चिडवलं तेवढंच. त्यावर ते सांगतात की किल्लेदार होणं नशिबाचं काम, पण भरल्या शेताकडे परत यायला अक्कल लागते. हे जाऊबाईचं मत त्यांनी आता आपलं करून टाकलं आहे, आणि तिने ते त्यांच्याकडे राहू दिलं आहे. या वर्षी खंडेनवमीला नळीला तेल लावलं नाही. नळी रिकामीच होती. तरी हळदकुंकू लावलं. पत्राचं काय करायचं, यावर चर्चा झाली. जाऊबाईचं म्हणणं, ते देवघरात नको, भिंतीवर हवं, येणाऱ्याला दिसेल असं. माझं म्हणणं, भिंतीला ओल येते. शेवटी ते माझ्या कपाटात आलं, वरच्या खणात, सपाट, दोन कोऱ्या कागदांच्या मध्ये. त्याची एक चांगली प्रत भावजींच्या भिंतीवर काचेत लावली आहे, आणि घोड्याची गोष्ट ते त्या प्रतीसमोर उभे राहून सांगतात.

आज जे शिल्लक आहे ते लिहिते. सोळा ओळींपैकी तेरा वाचता येतात. शिक्का शाबूत आहे. जमादाराचं नाव, त्याच्या बापाचं नाव आणि वाडीचं नाव स्पष्ट आहे. ओढ्यापलीकडे घर आहे, आणि तिन्ही खाचरांत या वर्षी भात लावलेलं आहे.